एक्सएसएलटीमध्ये पोझिशन वापरताय? मग या चुका टाळा

पहिली ओळ ठळक, मधल्या एकाआड एक राखाडी आणि शेवटच्या ओळीखाली जाड रेघ. एक्सएमएल फाइलमधल्या डेटाचं एक्सएसएलटीने (म्हणजे एक्सएमएलचं दुसऱ्या रूपात रूपांतर करणाऱ्या भाषेने) टेबल बनवताना मागणी एवढीच असते, आणि त्यासाठी पोझिशन(), म्हणजे चालू यादीतला नंबर सांगणारं फंक्शन, वापरतात. पण या एवढ्याशा कामात लोक जे घोळ घालतात ते निस्तरून आता वैताग आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. उदाहरण आपल्याकडचंच घेऊ, बाजारभावाचं. बाहेर <बाजार> नावाचा एलिमेंट, आत ओळीने <भाव>, आणि प्रत्येक भावात <पीक>, <आवक>, <दर>. (एलिमेंटची नावं देवनागरीत चालतात बरं का, एक्सएमएलला काही अडचण नाही. पोझिशन, लास्ट, सिलेक्ट हे कोडचे शब्द आणि कंसातले आकडे मात्र मी इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत लिहितोय, एडिटरमध्ये ते इंग्रजीतच टाका, नाहीतर उद्या त्याचीही तक्रार यायची.)

सिलेक्ट न देता अप्लाय-टेम्प्लेट्स

ही सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. टेम्प्लेट म्हणजे एखाद्या एलिमेंटचं काय छापायचं तो नियम, अप्लाय-टेम्प्लेट्स म्हणजे ते नियम लावायची आज्ञा, आणि सिलेक्ट म्हणजे कुणाकुणाला लावायचे ते. सिलेक्ट दिलं नाही की प्रोसेसर (एक्सएसएलटी चालवणारा प्रोग्रॅम) बाजारचे सगळे चाइल्ड नोड, म्हणजे आतले तुकडे, घेतो, आणि सगळे म्हणजे सगळे, दोन भावांच्या मधला एंटर आणि इंडेंटच्या स्पेस हाही त्याच्या लेखी एक टेक्स्ट नोडच, कॉमेंट असेल तर तीही आलीच. पंगतीत दोन माणसांच्या मधे रिकामा पाट ठेवावा आणि मोजणाऱ्याने पाटही मोजावेत, तसं. मग पहिल्या भावाची पोझिशन येते २, दुसऱ्याची ४, तिसऱ्याची ६. पोझिशन() मॉड २ केलं, म्हणजे दोनने भागून बाकी काढली, की सगळीकडे शून्य, अख्खं टेबल राखाडी. शेवटच्या ओळीची जाड रेघ पण गायब, कारण लास्ट() च्या, म्हणजे यादीतला शेवटचा नंबर सांगणाऱ्या फंक्शनच्या, हिशेबाने शेवटचा नंबर क्लोजिंग टॅगच्या आधीच्या एंटरचा लागतो.

जळगावातल्या एका छापखान्यात हेच झालं होतं. रोजचं भावपत्रक निघायचं, एक्सएमएल आली की एक्सएसएलटीने टेबल बनायचं आणि प्रिंटला जायचं. कोड लिहिणारा पोरगा हुशार, पण घाई फार. त्याच्या विंडोजच्या मशीनवर सगळं एकदम बरोबर यायचं, कारण तिथे मायक्रोसॉफ्टचं एमएसएक्सएमएल होतं आणि ते फाइल लोड करतानाच रिकाम्या स्पेसचे नोड डीफॉल्टने टाकून देतं. मग मालकाने लिनक्सचा सर्व्हर घेतला, तिथे प्रोसेसर एक्सएसएलटीप्रॉक, तो बिचारा स्पेक (ठरलेले नियम) पाळतो आणि स्पेस ठेवतो. सकाळी अख्खं पत्रक राखाडी! याचं म्हणणं, "भो, कोडला मी हात पण नाही लावला, सर्व्हरच खराब आहे."

मग त्याने काय करावं, तर मॉड २ चं मॉड ४ केलं. २, ४, ६, ८ ला चारने भागलं की बाकी २, ०, २, ० येते, पट्टे परत आले, पोरगा खूश, मालक खूश. शॉर्टकटची पंचाईत हीच आहे की तो चालतो. काही दिवसांनी भाव भरणाऱ्या माणसाने फाइलमध्ये केळीच्या ओळीखाली कॉमेंट टाकली, 'हा भाव कालचा आहे, नवीन आला की बदलणे'. आता कॉमेंट हा एक नोड आणि तिच्यापुढचा एंटर हा दुसरा, म्हणजे खालच्या सगळ्या ओळी दोनने सरकल्या. केळी ४ वर होती, कापूस ६ वर यायचा तो गेला ८ वर, दोघांची बाकी शून्य, दोन राखाडी ओळी एकमेकींना चिकटून छापल्या गेल्या. मला फोन आला तोपर्यंत साहेबांनी कॉमेंट आहे का ते तपासणारी वेगळी अट लिहायला घेतली होती, तीही मॉड ४ तसंच ठेवून!

उपाय एका शब्दाचा आहे, सिलेक्टमध्ये 'भाव' लिहा. मग यादीत फक्त भाव येतात, पोझिशन १, २, ३ लागते, लास्ट() पण खरा शेवटचा भाव देतो. काहीजण सांगतात वर स्ट्रिप-स्पेस टाका म्हणजे झालं. टाका, मी पण टाकतो, पण ते नुसत्या रिकाम्या स्पेस काढतं, कॉमेंट जागेवरच राहते आणि मोजली जाते. माझी तर सवयच झालीय, कोणाचा कोड बघायला आला आणि त्यात पोझिशन दिसलं की आधी वर जाऊन सिलेक्ट आहे का ते बघतो, नसेल तर पुढचं वाचतच नाही.

मॅचमधला [१] आणि आतली पोझिशन एकच समजणं

मॅचमध्ये (टेम्प्लेट कोणाला लागू ते लिहायच्या जागी) भाव[१] लिहिलं तर त्याचा अर्थ, मूळ फाइलमध्ये आपल्या आईबापाचा, म्हणजे बाहेरच्या एलिमेंटचा, पहिला भाव. टेम्प्लेटच्या आत पोझिशन() = १ लिहिलं तर त्याचा अर्थ, आत्ता जी यादी चालवायला दिलीय तिच्यातला पहिला. फाइलच्याच क्रमाने छापत असाल तर दोन्ही सारखे दिसतात, म्हणून पोरं एकाच्या जागी दुसरं बिनधास्त वापरतात. सॉर्ट लावला की उघडे पडतात. फाइलमध्ये पहिली ज्वारी आहे, तुम्ही दराप्रमाणे उतरत्या क्रमाने लावलं, ज्वारी गेली तळाला, आणि ठळक अक्षर पण तिच्याबरोबर तळाला गेलं! वरची महागडी ओळ साधीच. सॉर्ट असेल तर पोझिशन(), कारण ती सॉर्ट झाल्यावरचा नंबर देते. मूळ फाइलमधल्या जागेशीच मतलब असेल तर मॅचमधला [१], आणि त्याला स्पेस किंवा कॉमेंटचा काही फरक पडत नाही, तो फक्त भाव मोजतो.

याच्याच पोटातली अजून एक. भाव[१] आणि भाव[लास्ट()] असे दोन टेम्प्लेट लिहिले, छान चाललं, आणि एका दिवशी उपबाजारात एकाच पिकाची आवक झाली. एकच ओळ, तीच पहिली, तीच शेवटची. दोन्ही टेम्प्लेटची प्रायॉरिटी, म्हणजे कुणाचा मान आधी तो आकडा, ०.५, म्हणजे टक्कर. १९९९ च्या एक्सएसएलटी १.० प्रमाणे प्रोसेसर एकतर एरर देऊ शकतो, नाहीतर स्टाइलशीटमध्ये जो खाली लिहिलाय तो घेतो, म्हणजे दोन्ही स्टाइल कधीच मिळत नाहीत. मी म्हणून असं तोडतच नाही, एकच टेम्प्लेट ठेवतो आणि आत पहिली असेल तर हा क्लास, शेवटची असेल तर तोही, असे दोन सुटे इफ लावतो. दिसायला कमी भारी दिसतं, दिसू दे.

बाकीच्या, भराभर

टेम्प्लेटच्या आत इफ लावून आवक शून्य असलेल्या ओळी लपवायच्या आणि मग पट्टे का बिघडले म्हणून विचारायचं. ओळ छापली नाही तरी यादीत होतीच, नंबर खाल्लाच तिने. गाळायचं ते सिलेक्टमध्येच गाळा.

दर च्या टेम्प्लेटमध्ये पोझिशन विचारून ओळीचा नंबर मिळेल अशी आशा ठेवायची. तिथे दरचाच नंबर मिळणार. रंग ओळीवरच लावा, नाहीतर नंबर पॅरॅमीटरने आत पाठवा. फॉर-ईचच्या (यादीतल्या प्रत्येकावर फिरणाऱ्या आज्ञेच्या) आत पण हेच, आत शिरायच्या आधी व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा.

व्हेरिएबल म्हणाल तर काउंटर ठेवून प्रत्येक ओळीला त्यात एक मिळवणारे अजून भेटतात. एक्सएसएलटीत व्हेरिएबल एकदा ठरलं की बदलत नाही. सिंटॅक्स चुकलाय म्हणून शोधत बसू नका, तसा सिंटॅक्सच नाहीये.

दोन स्लॅश भाव[१] म्हणजे अख्ख्या फाइलमधला पहिला भाव नाही. रावेर, यावल, चोपडा असे तीन बाजार असतील तर प्रत्येकातला पहिला मिळेल, तीन ओळी ठळक. एकच पाहिजे तर दोन स्लॅश आणि भाव गोल कंसात, आणि मग [१] बाहेर.

प्रत्येक ओळीत आधीचे सगळे भाऊबंद काउंट करून नंबर काढणं छोट्या फाइलला कळत नाही, मोठ्या फाइलला मशीन धापा टाकतं.

आउटपुट नुसतं वेबपेजचं असेल तर पट्ट्यांसाठी एवढा खटाटोप करूच नका, सीएसएसमध्ये कितव्या ओळीला कोणती स्टाइल ते सांगणारं एनटीएच-चाइल्ड आहे. पीडीएफसाठी एक्सएसएल-एफओ (पानांची मांडणी सांगणारी एक्सएमएल) बनवत असाल तर तिथे ती सोय नाही, तिथे पोझिशनच.

आणि सॉर्ट करताना डेटा-टाइप नंबर दिला नाही तर आकडे अक्षरांसारखे लागतात, उतरत्या क्रमात ९५० हा १२०० च्या डोक्यावर बसतो. दिला तरी आपल्याकडे अजून एक भानगड होते, भाव भरणारा मराठी कीबोर्डवर देवनागरी आकडे टाकतो, वर हजाराचा स्वल्पविराम देतो, आणि एक्सपाथला (एक्सएसएलटी आतून वापरते त्या नोड शोधायच्या भाषेला) यातलं काहीच नंबर म्हणून कळत नाही. एरर येत नाही, यादी आहे तशीच राहते, आणि लोक सॉर्ट चालत नाही म्हणून प्रोसेसर बदलतात. सॉर्टच्या सिलेक्टमध्ये ट्रान्सलेट (पहिल्या यादीतल्या अक्षराच्या जागी दुसऱ्या यादीतलं त्याच नंबरचं अक्षर टाकणारं फंक्शन) लावा, पहिल्या यादीत देवनागरी दहा आकडे आणि शेवटी स्वल्पविराम, दुसऱ्या यादीत फक्त इंग्रजी दहा आकडे. स्वल्पविरामाला जोडीदार नाही म्हणून तो आपोआप गळतो.