एसी, गीझर किती वर्ष टिकतात आणि कधी बदलायचे

आधी मशीनवरचं स्टिकर बघा. मॉडेल, गॅसचा प्रकार आणि बऱ्याचदा बनवल्याची तारीख त्यावरच असते, फोटो काढून ठेवा म्हणजे ऐनवेळी शोधाशोध नको.

स्प्लिट एसी साधारण १० ते १५ वर्ष जातो, विंडो थोडा कमी, टाकीवाला गीझर ८ ते १२. पण हे आकडे नीट वापरलं तरचे हां. समुद्राजवळ खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटची कॉइल लवकर सडते.

आता एसीतला सगळ्यात मोठा गैरसमज. गॅस पेट्रोलसारखा "संपत" नाही, तो बंद पाइपात फिरत राहतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, त्यामुळे दरवर्षी नुसता गॅस भरून घेत असाल तर पैसे हवेत चाललेत, अक्षरशः! आधी लीक शोधायला सांगा. आणि बाहेरचा पंखा फिरत नाही, नुसता हम्म् आवाज येतोय? बऱ्याचदा कपॅसिटर (मोटर सुरू करायला मदत करणारा छोटा भाग) गेलेला असतो, स्वस्तातलं काम. कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा मुख्य पंप) गेला आणि मशीन १० वर्षांच्या पुढचं असेल तर मी तरी नवीनच घेईन.

फिल्टर दोन आठवड्यांनी धुवा, बास.

गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड असतो, टाकीऐवजी तो स्वतः गंजतो. जड, म्हणजे क्षारांचं पाणी असेल तर वर्षा-दोन वर्षांनी उघडून बघा, झिजला की बदला. टाकीच गळायला लागली तर मात्र रिपेअरच्या नादी लागू नका.