म्हाताऱ्या कुत्रीची ओली गोधडी

आमची चिंगी तेरा वर्षांची, गावठी, नसबंदी झालेली. ती झोपून उठली की गोधडीवर बशीएवढा ओला डाग दिसायचा. आधी मी तिला रागावले, त्याची अजून लाज वाटते. झोपेत लघवी गळते ते तिला कळतही नसतं.

पहिलं काम, सकाळची लघवी स्वच्छ वाटीत धरून तपासायला द्या. (आमटीचा जुना डाव लांब दांड्यामुळे बरा पडतो. तो परत स्वयंपाकघरात आणायचा नाही, हे सांगायला नको.) जंतुसंसर्ग, मधुमेह, मूत्रपिंड, कारण काहीही असू शकतं. नसबंदी झालेल्या माद्यांत बरेचदा मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडतो, त्यावर गोळ्या मिळतात. पण त्या डॉक्टरांनी दिल्या तरच.

पाणी मात्र तोडू नका. शेजारच्या काकूंनी पाणी तोडायचा सल्ला दिला होता, मी ऐकला नाही. त्यापेक्षा बाहेर नेण्याच्या फेऱ्या वाढवा: उठल्याउठल्या, जेवणानंतर, रात्री अकराला.

अंथरूण असं: खाली रेक्झिन, त्यावर जुन्या सुती साडीच्या चार घड्या. भिजली की वरची घडी बदलायची. मागचे केस कापून ठेवा, कोमट पाण्याने पुसा आणि पूर्ण कोरडं करा, नाहीतर मांडीला लाल चट्टे उठतात. डायपर लावलात तर तासन्‌तास ठेवू नका. फरशीला फिनेल नको, कुत्री पाय चाटतात. पाण्यात व्हिनेगर घालून पुसलं की वास जातो.