कापड शिवणाऱ्या औद्योगिक मशीनवर चामडे शिवण्यासाठी

इंदूरच्या चामड्याच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, परंतु त्या घोड्या-हत्तींचे कातडे तारेच्या सांगाड्यावर चिकटवलेले असते. मशीनच्या शिलाईशी त्या कलेचा फारसा संबंध येत नाही. त्यामुळे येथे पाकिटे किंवा पिशव्या करू पाहणाऱ्याच्या हाती पहिले मशीन येते ते बहुधा रेडीमेड कपड्यांच्या कारखान्यातून उतरलेले, एका सुईचे, जूकी डीडीएल-८७०० सारखे. माझेही तसेच होते. असे मशीन चामड्यासाठी तयार करता येते, मात्र मऊ चामडे आणि सगळे थर मिळून सुमारे ३ मिलिमीटर जाडी, एवढीच त्याची मर्यादा समजावी. कमरेचे पट्टे आणि घोड्याचे सामान यांसाठी सुई, खालून माल सरकवणारे दाते आणि वरून माल दाबणारा फूट हे तिन्ही मिळून माल पुढे नेणारे कंपाउंड फीडचे मशीनच लागते. त्याची उणीव कोणत्याही फेरफाराने भरून निघत नाही.

पहिला फेरफार वेगाचा. कापडावर हे मशीन मिनिटाला ४,००० टाक्यांच्या पुढे धावते. चामड्यावर त्या वेगाने सुई तापते, नायलॉनचा दोरा वितळतो आणि वळणावर हात पोहोचण्याआधीच टाका पुढे गेलेला असतो. वेग ठरतो तो मोटरच्या पुलीचा व्यास आणि हातचाकाच्या पुलीचा व्यास यांच्या प्रमाणावर. मोटर मिनिटाला १,४४० फेरे घेणारी असेल, तिची पुली ५० मिलिमीटरची आणि हातचाकाची ८० मिलिमीटरची असेल, तर मशीनला ९०० फेरे मिळतात. मध्ये तीनास एक प्रमाणाचा रिड्यूसर, म्हणजे वेग घटवणारी पुल्यांची जोडणी, बसवली तर ३००. वेग ज्या प्रमाणात घटतो, जवळपास त्याच प्रमाणात सुईमागचा जोर वाढतो, आणि आपल्याला खरी गरज या जोराची असते. सर्व्हो मोटर, म्हणजे वेग बटणाने ठरवता येणारी मोटर, बसवून केवळ बटणाने वेग कमी केला, तर जाड जोडावर ती पुष्कळदा अडते. म्हणून सर्व्होलाही लहान पुली द्यावी. पुली बदलली की पट्ट्याची लांबीही बदलते, तेव्हा इंदूरच्या सियागंज बाजारात जाताना जुना पट्टा सोबत ठेवावा. क्लच मोटर, म्हणजे सतत फिरणारी आणि पेडल दाबल्यावर मशीनला जोडली जाणारी मोटर, बंद केल्यावरही काही काळ फिरत राहते; पेडल दाबून ती पूर्ण थांबवावी आणि मगच पट्ट्याला हात लावावा.

वेग कमी केल्याचा एक परिणाम मला उशिरा कळला. या मशीनमध्ये तेल खालच्या तेलपात्रातून पंपाने वर चढते आणि अगदी मंद गतीत ते वरपर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून रोज सकाळी फूट उचलून, दोरा काढून, मशीन काही मिनिटे थोडे वेगाने चालवावे आणि वरच्या काचेतून तेल उडताना दिसते की नाही ते पाहावे. याच्या उलट, हुकपाशी, म्हणजे सुईखाली दोऱ्याचा फास पकडणाऱ्या फिरत्या भागापाशी, तेल जास्त असेल तर ते दोऱ्यावाटे चामड्यात उतरते. माझ्या पहिल्या फिक्या तपकिरी पर्सवर शिलाईच्या कडेने पिवळसर ठिपक्यांची माळ उमटली होती आणि ती कशानेही निघाली नाही. हुकच्या खाली, त्याला स्पर्श न होईल असा, कोरा कागद धरून पाच सेकंद मशीन चालवावे. कागदावर तेलाची बारीक, फिकट रेघ दिसली पाहिजे. ती ठळक किंवा पसरट असेल, तर हुकच्या तेलाचा स्क्रू तेल कमी होईल अशा दिशेने थोडा थोडा फिरवत पुन्हा कागद धरावा.

आता सुई. या मशीनला लागणाऱ्या डीबी×१ प्रकारातच चामड्यासाठी कापणाऱ्या टोकाच्या सुया मिळतात. एलआर टोक तिरपा छेद घेते आणि टाकाही किंचित तिरपा, देखणा बसतो. सुईचा आकडा म्हणजे तिच्या दांड्याची मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेली जाडी: ११० क्रमांकाची सुई १.१ मिलिमीटर जाड. दोरा बाँडेड नायलॉनचा घ्यावा. टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचे माप; टेक्स ७० दोऱ्याला ११० ची सुई आणि टेक्स ९० ला १२० किंवा १२५ ची सुई जमते. टेक्स १३५ च्या मोहात या मशीनवर पडू नये. कापडाच्या मशीनला साधारणपणे ७५ किंवा ९० ची सुई असते, आणि जाड सुई नुसती बसवून मशीन सुरू केले की खरे नुकसान होते, कारण हुकचे टोक जुन्या बारीक सुईच्या मापाने लावलेले असते. हातचाक आपल्याकडे सावकाश फिरवा. सुई तळाला जाऊन वर येऊ लागली की हुकचे टोक तिच्या मागच्या खाचेजवळून जाताना भिंगाखाली पाहा. जाड सुईला टोक घासत असेल, तर बारीक ‘टक’ आवाज येतो आणि सुई क्षणभर बाजूला ढकललेली दिसते. हुकचे स्क्रू सैल करून हे अंतर ०.०४ ते ०.१ मिलिमीटर ठेवावे, म्हणजे साध्या वहीच्या कागदाच्या जाडीइतके. सुईच्या प्लेटचे भोकही तपासावे. जाड सुई आणि दोरा यांना ते अरुंद पडले, तर दोरा तेथेच खरवडला जातो. अशा वेळी त्याच मशीनच्या जाड कामाच्या प्रकाराची प्लेट आणि दाते जोडीने बदलावे.

दाते बदलले की एक नवी अडचण समोर येते. जाड कामाचे दाते टोकदार असतात आणि चामड्याच्या खालच्या बाजूवर कायमचे ओरखडे उमटवतात; कापडावरची खूण इस्त्रीने जाते, चामड्यावरची जात नाही. मी दात्यांची टोके तेलाच्या दगडावर हलकेच बोथट केली आणि त्यांची उंची उतरवली. वर टेफ्लॉनचा फूट लावला. त्याचा दाब चामडे सुईबरोबर वर उचलले जाणार नाही इतपतच ठेवावा, कारण चामडे उचलले गेले की खाली दोऱ्याचा फास होत नाही आणि टाका सुटतो. सुटलेल्या टाक्यासाठी लोक टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणारा स्क्रू, पिळत बसतात. दोष बहुधा येथे असतो. जाड दोऱ्यासाठी वरच्या टेन्शनची स्प्रिंग थोडी कडक असलेली बरी.

टाक्याची लांबी साडेतीन ते चार मिलिमीटर ठेवावी, म्हणजे इंचाला सहा ते सात टाके. त्याहून बारीक टाका घातला तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची ओळ होते आणि ओढ बसताच चामडे तेथून फाटते. टाचण्याही याच कारणाने वापरू नयेत. केवळ खालच्या दात्यांनी माल सरकत असल्यामुळे वरचा थर मागे पडतो. म्हणून दोन्ही कडा आधी सोल्यूशनने, म्हणजे येथले कारागीर ज्याला सुलेसन म्हणतात त्याने, चिकटवून वाळू द्याव्यात. जोडाच्या जागी चामडे रापीने तासून अर्धे करावे आणि हातोडीने ठोकून बसवावे. चाचणी घ्यायची ती त्याच चामड्याच्या तुकड्यावर, तेवढ्याच थरांची.

शेवटी उलट टाके घालू नयेत. त्याच भोकांत सुई पुन्हा गेली की चामडे कापले जाते. दोऱ्याची टोके मागे ओढून गाठ मारावी आणि माचिसच्या काडीने नायलॉन वितळवून दाबावे, पण त्याआधी सोल्यूशनचा डबा झाकण लावून दुसऱ्या खोलीत ठेवावा.