'अँडोर' पाहून झाल्यावर 'रोग वन' पुन्हा कसा पाहावा

गॅरेथ एडवर्ड्स दिग्दर्शित 'रोग वन' हा 'स्टार वॉर्स' विश्वातला चित्रपट डिसेंबर 2016मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याची पूर्वकथा सांगणारी 'अँडोर' ही मालिका 2022 आणि 2025 अशा दोन पर्वांत आली. कथेत जे आधी घडते ते प्रत्यक्षात नंतर लिहिले गेले, एवढे भान ठेवूनच चित्रपट पुन्हा लावावा, म्हणजे त्याच्याकडून भलत्या अपेक्षा राहत नाहीत. पुढे दोन्हींच्या कथानकाचा उलगडा आहे. मालिका अर्धवट राहिली असेल, तर हे वाचन तूर्त बाजूला ठेवावे.

दुसऱ्या पर्वाचे शेवटचे तीन भाग चित्रपटाच्या अगदी तोंडाशी येऊन थांबतात. मालिकेचा नायक, बंडखोरांचा हेर कॅसियन अँडोर काफ्रीन या अंतराळ वसाहतीकडे निघतो तिथे मालिका संपते आणि चित्रपटात तो प्रथम दिसतो तो काफ्रीनमध्येच. म्हणून हे तीन भाग एका संध्याकाळी आणि 133 मिनिटांचा चित्रपट दुसऱ्या संध्याकाळी, अशी विभागणी सोयीची ठरते. सगळे एका बैठकीत उरकता येते, पण चित्रपटाचा शेवटचा, स्कॅरिफ ग्रहावरील लढाईचा भाग ताज्या डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे. पहिले पर्व पाहून बराच काळ लोटला असल्यास त्यातील आठ ते दहा हे तुरुंगाचे भाग आणि दुसऱ्या पर्वातील सात ते नऊ हे गॉरमन ग्रहावरील हत्याकांडाभोवतीचे भाग तेवढे उजळून घ्यावेत.

सुरुवातीलाच थोडा संयम लागतो. मालिका कॅसियनची असली तरी चित्रपट मुळात जिन अर्सोचा आहे आणि तो तिच्या बालपणापासून सुरू होतो. या वेळी मात्र लक्ष जिनवरून काढून जाणीवपूर्वक कॅसियनवर ठेवावे. संवाद दुसऱ्याचा असतानाही पडद्याच्या कोपऱ्यात कॅसियनची भूमिका करणारा डिएगो लुना काय करतो आहे ते पाहावे. पुन्हा पाहण्यातली खरी कमाई इथेच आहे.

काफ्रीनचा प्रसंग याचे उत्तम उदाहरण. टिव्हिक नावाचा खबऱ्या घाबरलेला आहे, हाताला दुखापत असल्याने त्याला भिंत चढून पळता येणार नाही आणि शिपाई जवळ येत आहेत. कॅसियन त्याला शांत करतो, सगळे ठीक होईल असे सांगतो आणि त्याच क्षणी गोळी झाडतो. 2016मध्ये हा प्रसंग 'नायक साधासरळ नाही' एवढेच सांगून पुढे जात असे. आता त्याच्यामागे बंडाचा छुपा सूत्रधार लुथेन राएल उभा आहे, ज्याने डेथ स्टार या साम्राज्याच्या ग्रह उडवणाऱ्या अस्त्राची बातमी आणणाऱ्या स्वतःच्या हेरालाही, लॉनीलाही, असेच संपवले होते. कॅसियनची ही रीत कुठून आली ते आपल्याला ठाऊक असते. म्हणून गोळीच्या आवाजाकडे नव्हे, तर त्यानंतरच्या त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. पुढे इडू ग्रहावर जिनच्या वडिलांवर बंदूक रोखूनही तो चाप ओढत नाही, तेव्हा त्या न झाडलेल्या गोळीचे वजन कळते.

त्यानंतर जिनशी होणाऱ्या भांडणात तो, सर्वस्व गमावलेली तू एकटीच नाहीस, अशा अर्थाचे बोलतो. पूर्वी हे वाक्य कोरडे वाटे; आता त्यामागे त्याचे घर असलेले फेरिक्स, दत्तक आई मार्वा आणि प्रेयसी बिक्स आहेत. बंड आशेवर उभे राहते हे त्याचे प्रसिद्ध वाक्यही आता त्याचे एकट्याचे राहिलेले नाही, कारण मालिकेत ते गॉरमनवरील हॉटेलचा एक साधा कर्मचारी त्याला ऐकवतो. (या जोडणीत लेखकाचा हात जरा जास्तच दिसतो, असे माझे मत आहे.)

काही सांधे मात्र जुळत नाहीत. जेडावर सॉ गेरेरा या जहाल बंडखोर म्होरक्याच्या कोठडीत अडकल्यावर, आपण असे पहिल्यांदाच अडकलो आहोत, अशा अर्थाचे उत्तर कॅसियन देतो. नार्किना फाइव्हचा अख्खा तुरुंग पाहून आलेल्या प्रेक्षकाला हे खटकणारच. हेर अनोळखी लोकांपुढे खरे बोलत नाही, असे स्पष्टीकरण देता येते, पण ओढूनताणून देण्याची गरज नाही. तो संवाद मालिकेच्या सहा वर्षे आधीचा आहे. बेल ऑर्गानाची भूमिका मालिकेत वेगळ्या नटाने केली आहे, तेही तसेच सोडून द्यावे.

दुय्यम पात्रांपैकी मेल्शीला शोधून काढावे. पहिल्यांदा पाहताना तो गर्दीतला एक सैनिक वाटतो, पण नार्किनातून कॅसियनबरोबर निसटलेला तोच हा, आणि तो स्कॅरिफवरही त्याच्याबरोबर आहे. त्या तुरुंगात कैदी जे भाग जोडत होते ते डेथ स्टारसाठीच होते, हे पहिल्या पर्वाच्या श्रेयनामावलीनंतरच्या दृश्यात दाखवले आहे. चित्रपटात डेथ स्टारची तबकडी बसवली जाताना ते आठवावे. के-टूएसओ हा कॅसियनचा यंत्रमानव गॉरमनवरून आणलेला आहे हे ठाऊक झाल्यावर त्याचे विनोद पूर्वीइतके हलके राहत नाहीत.

बंडखोरांच्या बैठकीचा प्रसंग संथ म्हणून पुढे ढकलू नये. माजी सिनेटर आणि बंडाची नेती मॉन मॉथ्मा तिथे फार थोडे बोलते, पण भर सिनेटमध्ये हत्याकांडाला हत्याकांड म्हणून सर्वस्व सोडून आलेली ही बाई आता घाबरलेल्या सहकाऱ्यांपुढे हतबल उभी आहे. लुथेन आणि त्याची सहकारी क्लेया यांचे नावही तिथे निघत नाही. याचे कारण उघड आहे, 2016मध्ये ती पात्रेच नव्हती; तरीही आता पाहताना, ज्यांच्यामुळे डेथ स्टारची बातमी यावीनपर्यंत, म्हणजे बंडखोरांच्या तळापर्यंत, पोहोचली त्यांना कोणी ओळखत नाही, असाच अर्थ त्या प्रसंगाला येतो. मालिकेने चित्रपटाला दिलेली ही सर्वांत मोठी भर आहे, असे मला वाटते.

साम्राज्याचा खलनायक डार्थ व्हेडर मालिकेत कुठेच नसल्यामुळे त्याचा शेवटचा हल्ला या वेळी दुसऱ्याच कथेतून आल्यासारखा वाटतो. तो 1977च्या मूळ 'स्टार वॉर्स' चित्रपटाकडे नेणारा पूल आहे आणि लगेच तो चित्रपट लावण्याचा मोहही होतो. लावायचाच असेल, तर एखादा दिवस जाऊ द्यावा, कारण त्याचा सूर पूर्णपणे वेगळा, साहसकथेचा आहे आणि 'अँडोर'च्या मापाने मोजल्यास दोघांवरही अन्याय होतो.