यकृताच्या कर्करोगात हार्मोन रिसेप्टरचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन रिसेप्टर (इस्ट्रोजेन हा हार्मोन पकडणारं पेशीतलं प्रथिन) ‘पॉझिटिव्ह’ आला की जरा हायसं वाटतं. औषध ठरलेलं असतं आणि रोगाच्या वाटचालीचा अंदाजही सहसा बरा असतो. हाच हिशेब हिपॅटायटिस बी किंवा सीमुळे झालेल्या यकृताच्या कर्करोगाला लावणं ही पहिली चूक. माझ्या मते बाकीच्या बऱ्याच चुका तिच्याच पोटी जन्मतात.

हा हिशेब रुग्णांवर तपासून झालेला आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या चाचणीत ४९६ रुग्ण होते. टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेन रिसेप्टर अडवणारं, स्तनाच्या कर्करोगात वापरलं जाणारं औषध) घेणारे त्यामुळे जास्त जगले नाहीत. २००२ मध्ये आशिया-पॅसिफिक भागातल्या ३२९ रुग्णांच्या चाचणीत तर जास्त डोस घेणाऱ्यांचे मृत्यू वाढले. रिसेप्टर तपासून रुग्ण निवडले नव्हते, हा या चाचण्यांवरचा आक्षेप योग्यच आहे. पण रिसेप्टर तपासायचा म्हणजे नेमका कोणता? यकृताच्या काही गाठींत इस्ट्रोजेन रिसेप्टरचं तुटकं रूप सापडतं. जनुकाच्या आरएनए प्रतीतून पाचवा एक्झॉन (प्रथिनाचा मजकूर असलेला तुकडा) गळल्यामुळे त्यात हार्मोन पकडणारा भागच उरत नाही. टॅमॉक्सिफेनला धरायला जागा नाही, आणि रिसेप्टर मात्र हार्मोनशिवायही काम करत राहू शकतो. हे रूप असलेल्या रुग्णांत गाठ झपाट्याने वाढते आणि आयुष्य कमी उरतं, असं इटलीतल्या संशोधकांना दिसलं. तपासणीत रिसेप्टरला चिकटून तो दाखवून देणारी अँटिबॉडी प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाला चिकटणारी असेल तर अखंड आणि तुटका, दोन्ही रिसेप्टर स्लाइडवर सारखेच दिसतात. म्हणून रिपोर्टमध्ये नुसतं ‘पॉझिटिव्ह’ न लिहिता कोणती अँटिबॉडी वापरली आणि ती कुठे चिकटते हेही लिहा. तुटक्या रूपाची शंका असेल तर आरएनएची तपासणी करा.

आता स्लाइडकडे. यकृताच्या पेशींत बायोटिन (एक जीवनसत्त्व) भरपूर असतं. अ‍ॅविडिन-बायोटिन पद्धतीने रंग दिला तर रिसेप्टर नसतानाही पेशीद्रव तपकिरी होतो. बायोटिन आधी ब्लॉक करा. त्याहून बरं म्हणजे बायोटिन न वापरणारी पॉलिमर पद्धत वापरा. पित्त आणि लिपोफ्युसिन (पेशींत साचणारं रंगद्रव्य) हे तर मुळातच तपकिरी. त्यामुळे प्राथमिक अँटिबॉडी न घातलेली त्याच तुकड्याची एक स्लाइड शेजारी हवीच. रंग केंद्रकात आहे की पेशीद्रवात, हे वेगवेगळं नोंदवा. आणि गाठीलगतचा यकृताचा भाग तपासायला विसरू नका. रिसेप्टर गाठीत कमी झालाय की त्या यकृतात आधीपासूनच कमी होता, हे एकट्या गाठीवरून कळणार नाही.

अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन) रिसेप्टरबद्दल घाई जास्त होते. हिपॅटायटिस बीच्या डीएनएमध्ये या रिसेप्टरला बसायला जागा असते. तो तिथे बसला की विषाणूची जनुकं जोरात चालतात, आणि विषाणूचं एक्स प्रथिन उलट रिसेप्टरलाच बळ देतं. पुरुषांत हा कर्करोग जास्त का होतो, याचं एक कारण इथे आहे. पण त्यावरून ‘अँड्रोजेन रिसेप्टर जास्त म्हणजे पुढची वाटचाल वाईट’ असं म्हणता येत नाही. उंदरांच्या यकृतपेशींतून हा रिसेप्टर काढल्यावर गाठी कमी उगवल्या, पण उगवलेल्या गाठी जास्त पसरल्या. सुरुवात करून देणारी गोष्ट पुढच्या टप्प्यावर वेगळंच वागू शकते, आणि आपल्या हातातला तुकडा तर पुढच्या टप्प्यावरचाच असतो.

बी आणि सीचे रुग्ण एका तक्त्यात मिसळू नका. बीचा डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये घुसतो, सिरॉसिस (यकृतावर व्रण साचून ते कडक होणं) नसतानाही कर्करोग होऊ शकतो. सी हा आरएनए विषाणू तसा घुसत नाही. त्याचा रस्ता बहुधा सिरॉसिसमधून जातो.

किती टक्के केंद्रकं रंगली म्हणजे ‘पॉझिटिव्ह’, ती रेघ आकडेवारी पाहण्याआधी ओढा. नंतर ओढलेल्या रेघेवर हवा तो निष्कर्ष काढता येतो. शिवाय सिरॉसिस असताना यकृताच्या कर्करोगाचं निदान अनेकदा स्कॅनवरच होतं, बायॉप्सी होतच नाही. म्हणजे तुकडे मिळतात ते मुख्यतः शस्त्रक्रिया झेपणाऱ्या रुग्णांचे. त्यांच्यातला निष्कर्ष बाकीच्यांना लावण्याआधी थांबा.

आणि मृत्यूची नोंद करताना तो गाठीमुळे झाला की यकृत निकामी झाल्यामुळे, हा रकाना वेगळा ठेवा. रिसेप्टरबरोबर चाइल्ड-प्यू श्रेणी (यकृत किती काम करतं याचं मोजमाप), गाठींची संख्या आणि आकार, गाठीचा रक्तवाहिनीतला शिरकाव आणि विषाणूवरचे उपचार हेही त्याच तक्त्यात हवेत.