एलईडी बल्ब आयात करताय? आगाऊ रक्कम पाठवण्याआधी या चुका टाळा

न्हावा शेवा बंदरात कंटेनर अडकला की मला फोन येतो, पण उशिरा. तोवर डेमरेज, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याचा दंड, चढायला लागलेलं असतं आणि आयातदार कळवळून सांगतो, "अहो, त्यांनी सर्टिफिकेट पाठवलं होतं!" सर्टिफिकेट खरंच असतं. फक्त ते भलत्याच कारखान्याचं निघतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. एलईडी बल्बला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) सक्तीची नोंदणी लागते, मानक आयएस १६१०२ भाग १. ती मिळते उत्पादकाला, तीही एका पत्त्यावरच्या कारखान्यासाठी, ठरावीक ब्रँड आणि मॉडेलांपुरती. परदेशी कारखाना असेल तर त्याला भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो आणि बल्बची चाचणी बीआयएसमान्य प्रयोगशाळेत करून घ्यावी लागते. युरोपातली सीई खूण इथे चालत नाही.

मुंबईच्या लोहार चाळीतल्या एका व्यापाऱ्याने ९ वॅटचे बल्ब स्वतःच्या नावाने छापून मागवले होते. कारखाना बरोबर, मॉडेलही बरोबर. नोंदणीत ब्रँड मात्र कारखान्याचा आणि खोक्यावर याचा. बंदरावर असा माल आला की एकतर स्वखर्चाने परत पाठवायचा, नाहीतर निकामी करून भंगारात काढायचा. त्याची वर्षाची कमाई त्यात गेली. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण तपासायला पाच मिनिटं पुरली असती.

ती पाच मिनिटं अशी वापरा. पुरवठादाराकडून नोंदणी क्रमांक, म्हणजे 'आर' आणि पुढचे आठ अंक, मागून घ्या आणि बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका. उत्पादक, पत्ता, ब्रँड, वस्तू आणि नोंदणी चालू आहे की नाही, हे प्रोफॉर्मा इनव्हॉइसशी (पुरवठादाराने आधी पाठवलेल्या कच्च्या बिलाशी) अक्षर न् अक्षर जुळवा. मॉडेलांची यादी सर्टिफिकेटसोबत मागा. मग नमुन्याच्या बल्बचा जवळून काढलेला फोटो मागवा: बीआयएसची खूण आणि नंबर खोक्याबरोबरच बल्बच्या अंगावरही हवेत.

बल्बच्या नोंदणीवर पॅनेल लाइट किंवा बॅटन (ट्यूबसारखी लांब फिटिंग) आणू नका. दिव्यांच्या फिटिंगला आयएस १०३२२ लागतं, सुटा ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारा भाग) आणलात तर आयएस १५८८५. कस्टम्सचं शीर्षकही, म्हणजे मालाचा वर्गीकरण क्रमांकही, बदलतं: एलईडी बल्ब ८५३९ ५२ मध्ये, फिटिंग ९४०५ मध्ये. एकाच कंटेनरमध्ये दोन्ही भरणारे इथे हमखास फसतात.

बीआयएस झालं की काम संपलं, असं समजणारेही पुष्कळ. एलईडी बल्बवर बीईईचं (ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं) स्टार लेबल १ जानेवारी २०१८ पासून सक्तीचं आहे आणि ते मॉडेलनिहाय घ्यावं लागतं. तारे ठरतात दर वॅटमागे किती ल्युमेन (प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश मिळतो त्यावर. त्यामुळे पुरवठादाराने आतली चिप किंवा ड्रायव्हर स्वस्तातला बदलला, तर लेबलवरचा आकडा खोटा ठरतो, आणि गिऱ्हाइकाची फसवणूक तुमच्या नावावर होते. सुटे भाग न विचारता बदलायचे नाहीत, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

सीएफएल अजून विकत असाल तर त्यात पारा असतो. ई-कचरा नियम २०२२ खाली आयातदारही उत्पादक धरला जातो, म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरची नोंदणी आधी करून घ्या.

पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, नग, निर्मितीचा महिना व वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. वजनमापे खात्याकडे आयातदार म्हणून नोंदही लागते.

आणि कंटेनर अडकलाच असेल तर क्लिअरिंग एजंटला (कस्टम्समधून माल सोडवणाऱ्याला) आधी विचारा, हरकत नेमकी कशावर आहे? एमआरपी किंवा पत्त्याचं स्टिकर राहिलं असेल तर क्लिअरन्सआधी बॉंडेड गोदामात (कस्टम्सच्या ताब्यातल्या गोदामात) लावता येतं, घाबरू नका. बीआयएसची हरकत असेल तर मात्र स्टिकर छापून चिकटवायच्या फंदात अजिबात पडू नका. त्याच दिवशी पुरवठादाराशी माल परत घेण्याचं बोलणं सुरू करा. रोज डेमरेज वाढतंय.