कॅमेरा लावताय? आधी त्याला काय दिसायला नको ते ठरवा

कॅमेरा घेताना सगळे मेगापिक्सेल विचारतात, नाइट व्हिजन विचारतात, मी पण तेच केलं. दरवाज्यावर लावला, मोबाईलवर फीड उघडलं तर माझा उंबरठा खाली कोपऱ्यात एवढासा आणि मधोमध समोरच्यांची खिडकी, पडद्यावरची फुलं मोजता येतील इतकी साफ. लाजच वाटली.

तर पहिलं काम म्हणजे कॅमेरा खाली वाकवा. चोर आला तर दारातच येणार ना, आकाश आणि शेजारी कशाला हवेत फ्रेममध्ये. लेन्स पण बघून घ्या, २.८ एमएमवाली जवळपास १०० अंश दाखवते म्हणजे अर्धी गल्ली आलीच, अरुंद जागेला ६ एमएम बरी. तरी खिडकी येतच असेल तर सेटिंगमध्ये प्रायव्हसी मास्क असतो, तेवढ्या भागावर काळा चौकोन टाकायचा. इथे बरेच जण फसतात, मोशन झोन (कुठल्या भागातली हालचाल टिपायची ते ठरवणारं सेटिंग) लावतात आणि वाटतं झालं काम. मोशन झोनने बाकीच्या भागातल्या हालचालीचं नोटिफिकेशन थांबतं हो, पण रेकॉर्डिंग चालू असताना फ्रेममधलं सगळंच टिपलं जातं! मास्क टाकल्यावर एक क्लिप सेव्ह करून उघडून बघा, खरंच काळं दिसतंय का. फिरणारा कॅमेरा असेल तर तो फिरवूनही बघा, काहींमध्ये मास्क जागच्या जागी राहतो आणि खिडकी बाजूने बाहेर येते.

आणि माइक बंद करा. मला एका क्लिपमध्ये शेजारच्या काकूंचा फोनवरचा अख्खा वाद ऐकू आला, त्यांना पत्ताच नाही. बऱ्याच देशांत आवाज रेकॉर्ड करायचे नियम व्हिडिओपेक्षा कडक आहेत, आणि दारातल्या कॅमेऱ्याला आवाजाची तशी गरजही नसते.

घराच्या आत शक्यतो लावूच नका असं माझं मत. लावलाच तर बेडरूम-बाथरूम सोडून, आणि स्मार्ट प्लगवर, म्हणजे आपण घरी असताना वीजच बंद. ॲपमधल्या बंदच्या बटणापेक्षा माझा यावर जास्त भरवसा. घरी कामाला येणाऱ्यांना, पाहुण्यांना सांगून टाका कॅमेरा आहे म्हणून.

रेकॉर्डिंग किती दिवस ठेवायचं? २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) सतत चालवलं तर दिवसाला साधारण २१ जीबी, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात सहाएक दिवस, त्यावर मग नवीन लिहिलं जातं. बास की. महिनाभराचं साठवून कोण बघत बसणार.

पासवर्ड मात्र आजच बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने कंपनीचे डीफॉल्ट पासवर्ड वापरूनच ढीगभर कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारे डबे) ताब्यात घेतले होते, फार काही डोकं लावावं लागलं नाही त्याला. टू-स्टेप लॉगिन चालू करा, राउटरवर यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना इंटरनेटची वाट आपोआप उघडू देणारी सोय) बंद करा. आणि ॲपमधली युजर लिस्ट उघडा जरा, कॅमेरा बसवायला आलेल्या माणसाने सेटअप स्वतःच्या मोबाईलवरून केला असेल तर मेन अकाउंट अजून त्याच्याकडेच असू शकतं. माझ्याकडे ते आठ महिने तसंच होतं.